जीभ घसरली? आधी नाव सांगा

पावसाळ्यात सांगलीत नवखा माणूस आला की गोंधळतो. दोघं रस्त्यात भेटतात, रामराम नाही की श्यामश्याम नाही, एकदम विचारतात, "किती झालं?" दुसरा सांगतो, "अडतीस." पहिला मान हलवतो आणि फ्रिज आजच माडीवर चढवायचा की उद्यापर्यंत थांबायचं, ते ठरवायला घरी जातो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका. इथल्या पोराटोरांना हे पाढ्यांच्या आधी पाठ असतं. पट्टी मात्र एकच. पाणी कोयनेतून सोडलंय की धोममधून, हे बघून कुणी फूट लहानमोठा करत नाही.

नदीला ते परवडतं. तिला कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो नको असतो. तुमचं तसं नाही. तुम्ही जागरूक नागरिक आहात, चार व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आहात, तुमचा मेहुणा एका पक्षात आणि सोसायटीचा चेअरमन दुसऱ्या पक्षात आहे. तेव्हा पुढाऱ्यांच्या जिभेची पातळी मोजायला तुमच्याकडं दोन पट्ट्या हव्यात. आपल्या माणसाची धोक्याची खूण ५७ फुटांवर मारा. २०१९ च्या महापुरात पाणी तिथवर गेलं होतं, म्हणजे त्याखाली जे काही असेल ते किरकोळ. समोरच्यासाठी घोट्याएवढं पाणी पुरे. त्याची चप्पल भिजली की भोंगा वाजवा.

आता पहिला नियम. बाकीचे विसरलात तरी चालेल, हा विसरू नका. काय बोलले, हे आधी विचारायचं नाही. कोण बोललं, ते विचारायचं.

विश्रामबागेत आम्ही ज्या गाड्यावर चहा पितो, तिथं एक निवृत्त मास्तर येतात. माणूस खवट. एकदा त्यांनी नाव न सांगता एक वाक्य वाचून दाखवलं. भारतातल्या ६०० कोटी मतदारांनी तीस वर्षांनंतर एका पक्षाला स्पष्ट बहुमत दिलं. देशाची लोकसंख्या तेव्हा १३० कोटींच्या आसपास. आमच्यातले एक गृहस्थ हळदीचे अडते आहेत. पोत्याचं वजन, कट्टी, हमाली, सगळं तोंडी करून पैशापर्यंत हिशेब सांगतात. त्यांना ६०० कोटी खटकायला हवे होते. पण ते बशीत बघत बसले. शेजारचा विमा एजंटही गप्प. शेवटी अडते म्हणाले, "आधी कोण ते सांगा की मास्तर, उगाच माणसाला अडचणीत का आणता?"

मास्तरांनी सांगितलं, पंतप्रधान मोदी, दावोस, जानेवारी २०१८. एजंटच्या नाकातून चहा आला. अडते लगेच म्हणाले, "एक शून्य इकडचं तिकडं झालं. परदेशात बोलायचं म्हटल्यावर होतं. भावना बघा."

मग मास्तरांनी दुसरं काढलं. दलितांना वर यायचं तर गुरू ग्रहाच्या एस्केप व्हेलॉसिटीइतका वेग लागेल. राहुल गांधी, २०१३. आता अडते मांडीवर थाप मारून हसले आणि एजंट गंभीर झाला. म्हणाला, "ते रूपक आहे. समजायला फिजिक्स लागतं." त्याचं स्वतःचं फिजिक्स दहावीला राहिलं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण पक्षासाठी माणूस काय काय शिकतो!

क्लिपचंही असंच आहे. समोरच्याचं भाषण वीस सेकंद ऐकायचं, आपल्याचं मात्र पूर्ण. २०१७ मध्ये गुजरातेत राहुल गांधी म्हणाले, की मोदी शेतकऱ्यांना सांगतात, असं मशिन आणतो की इकडून बटाटा घाला, तिकडून सोनं निघेल. क्लिप कापताना नेमके "मोदी सांगतात" हे शब्द बाहेर राहिले आणि बटाट्याचं सोनं राहुलच्या नावावर जमा झालं. एवढी बारीक कात्री आमच्याकडचा शिंपीसुद्धा चालवत नाही. ही क्लिप आली तेव्हा अडत्यांनी ती सात जणांना पाठवली. उलट आपल्या नेत्याची क्लिप कुणी पाठवली, तर ते लगेच लिहितात, "मागचापुढचा संदर्भ बघा." ते पुढचंमागचं चाळीस मिनिटांचं भाषण त्यांनी स्वतः ऐकलंय का, असं विचारणं उद्धटपणाचं आहे.

शब्द जपून वापरा. आपला माणूस "बोलण्याच्या ओघात बोलून जातो". समोरचा "बरळतो". आपल्याची जीभ "घसरते", म्हणजे तो अपघात असतो. तिच्या वाटेवर कुणीतरी, बहुधा पत्रकारानं, केळीचं साल टाकलेलं असतं. समोरचा "मुक्ताफळं उधळतो", म्हणजे घरून टोपली भरून आणतो. आपला रांगडा, दिलखुलास, मातीतला. समोरच्याला सत्तेचा माज. शिवी आलीच, तर आपल्याकडं ती विरामचिन्ह असते, घाटावर तिच्याशिवाय वाक्य संपत नाही. समोरच्यानं दिली की थेट त्याच्या घरच्या संस्कारांवर जायचं. मे २०१७ मध्ये रावसाहेब दानवे तुरीच्या शेतकऱ्यांबद्दल बोलताना "साले" म्हणाले. ते तुमचे असतील तर शब्दकोश उघडा. साला म्हणजे बायकोचा भाऊ, म्हणजे जवळचा पाहुणा, मग यात अपमान कुठं आला? ते तुमचे नसतील तर शब्दकोश मिटा आणि तहसील कार्यालयाकडं चला.

"विपर्यास" हा शब्द मात्र रोजच्या वापरात काढू नका. तो ठेवणीतला आहे, दसऱ्याच्या शेल्यासारखा.

माफीचं व्याकरण वेगळं शिकावं लागतं. "माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो." यातला सगळा जीव "असतील तर" मध्ये आहे. दुखावल्या की नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्या दुखावल्या त्याच्यावर. आपल्या माणसानं हे म्हटलं की मनाचा मोठेपणा. समोरच्यानं म्हटलं की मगरीचे अश्रू. एप्रिल २०१३ मध्ये राज्य दुष्काळानं होरपळत असताना अजितदादा पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणातल्या पाण्याबद्दल जे बोलले, ते इथं पुन्हा लिहायची गरज नाही, तुम्हाला पाठ आहे. त्यांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. आमच्या एजंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, "असा नेता होणे नाही." अडते म्हणाले, "नाटक." कराडहून निघालेली कृष्णा पुढं सांगलीलाच येते. त्या दिवशी पश्चात्ताप किती क्युसेकनं सोडला, हे मात्र कुणी मोजलं नाही.

शाईच्या बाबतीत विशेष सावध राहा. साताऱ्याचा तिच्याशी दुहेरी संबंध आहे. मार्च २०१४ मध्ये नवी मुंबईत माथाडी कामगारांपुढं शरद पवार म्हणाले, की यंदा साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला आणि मुंबईचं २४ ला आहे. तिकडं मत द्या, इकडं येऊन पुन्हा द्या, तेवढी शाई पुसायला विसरू नका. माथाडींमध्ये पाटण-जावळीकडची माणसं भरपूर, त्यामुळं हशा जोरात पिकला. पुढं तो विनोद होता असा खुलासा आला. अडत्यांना त्यात लोकशाहीचा खून दिसला, एजंटला साहेबांची मिश्किली.

मग डिसेंबर २०२२. चंद्रकांतदादा पाटील पैठणला म्हणाले, की फुले, आंबेडकर, कर्मवीर यांनी भीक मागून शाळा काढल्या. गदारोळ झाला. भीक म्हणजे वर्गणी, देणगी, अशा अर्थानं बोललो, असं स्पष्टीकरण आलं. पिंपरी-चिंचवडमध्ये त्यांच्या तोंडावर शाई फेकली गेली आणि फेकणाऱ्यांवर आधी चक्क खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं. आता बघा, ज्यांना २०१४ मध्ये शाई म्हणजे लोकशाहीचं तीर्थ वाटत होतं, त्यांना २०२२ मध्ये ती जीवघेणं हत्यार वाटली. आणि जे ती जाता जाता पुसायला निघाले होते, त्यांना तीच शाई स्वाभिमानाचा रंग वाटली. बाटली तीच!

साताऱ्यात कर्मवीरांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे साताऱ्याकडं घरोघरी सांगतात. त्या आठवड्यात आमच्या गाड्यावर सगळं बोलून झालं, ही गोष्ट तेवढी कुणी काढली नाही. रयतेच्या शाळेत शिकलेले आम्ही तिघं तिथं होतो.

कधी कधी एकावर एक फुकट मिळतं. १५ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात उद्धव ठाकरे स्वातंत्र्याला किती वर्षं झाली, यावर अडखळले. त्यावर महाडला नारायण राणे म्हणाले, मी असतो तर कानाखाली वाजवली असती. आणि केंद्रीय मंत्री असताना त्यांना अटक झाली. अशा वेळी आपल्याला हवी ती अर्धी घटना घ्या, उरलेली समोरच्याच्या ताटात वाढा.

एक जागा अवघड आहे. घरचा माणूस.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ माणसं मेली. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते आमचे आर. आर. आबा, तासगावच्या अंजनीचे. मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होत असतात, अशा अर्थाचं ते हिंदीत बोलले आणि १ डिसेंबरला राजीनामा देऊन मोकळे झाले. सांगलीनं काय केलं? हिंदीवर ढकललं. आबांचं हिंदी म्हणजे तासगावच्या एसटी स्टँडवरचं हिंदी, त्यांना म्हणायचं होतं वेगळं, निघालं वेगळं. मी स्वतः मुंबईच्या मावसभावाला फोनवर तासभर हेच समजावत होतो. तो त्या रात्री सीएसटीवरून गाडी पकडणार होता, ऑफिसात उशीर झाला म्हणून राहिला. मी त्याला ग्रामस्वच्छता अभियान सांगितलं, डान्सबारबंदी सांगितली, तंटामुक्ती सांगितली, साधी राहणी सांगितली. सगळं खरं होतं. तो एवढंच विचारत होता, "छोटी कशी रे?" माझ्या यादीत त्याचं उत्तर नव्हतं. तेव्हा मी फोनला रेंज नाही असं म्हणून ठेवून दिला. ही युक्ती तुम्हीही वापरू शकता.

इथवर सगळं सोपं होतं. दोन पट्ट्या, दोन बाजू. पण २०२२ आणि २०२३ मध्ये नदीनं पात्रच बदललं. काल तिकडे असलेली माणसं आज इकडे, आणि येताना ती जुनी वाक्यंही सोबत घेऊन आली. धरणाचंच वाक्य घ्या. दहा वर्षं अडत्यांनी ते जपलं होतं, दर निवडणुकीला काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. जुलै २०२३ मध्ये अजितदादा सरकारात सामील झाले आणि अडत्यांच्या पोटात गोळा आला. "आत्मक्लेश केला होता त्यांनी," ते हळूच म्हणाले. "मन साफ असल्याशिवाय कोण करतं?" एजंट थोरल्या साहेबांबरोबर राहिलेला. तो म्हणाला, "नाटक होतं ते." दोघांनी मोबाइल अदलाबदल केले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता.

म्हणून जुन्या पोस्टी दर सहा महिन्यांनी साफ करत चला, हळदीच्या पेवासारख्या. कुणी स्क्रीनशॉट दाखवलाच, तर "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" म्हणा. तेवढ्यानं भागलं नाही, तर हुकमी पान टाका, "तेव्हा कुठं होता तुम्ही?" समोर कोण आहे ते मात्र बघून घ्या. अडत्यांनी हे एकदा गाड्यावरच्या पोराला विचारलं, "२०१३ ला कुठं होतास रे तू?" ते म्हणालं, "पहिलीत."

परवा त्याच पोरानं मोबाइल लावला. स्क्रीन पडून काळी झालेली, चित्र दिसत नाही, आवाज तेवढा येतो. कुणीतरी सभेत शेतकऱ्यांना झाडत होतं, चांगलंच. एजंटनं भुवया चढवून बघितल्या, परत खाली आणल्या. अडते म्हणाले, "कोण आहे रे?" पोरानं मोबाइल कानाला लावून ऐकलं आणि नाव सांगितलं. अडते हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणालं, "पण ही जुनी क्लिप आहे काका. तेव्हा ते तुमच्यात होते का ह्यांच्यात?"

अडत्यांनी तोंड मिटलं. एजंट मास्तरांकडं बघायला लागला. मास्तरांनी बोटं मोजायला घेतली. आधी हा पक्ष, मग तो, मधे एकदा अपक्ष, मग परत हा. एक हात संपला, दुसरा सुरू केला. गाड्यावर कुणी बोलेना. चहावर साय धरली होती.