सेन्सेक्स 800 पट झाला, मग आपण का नाही?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरतोय. पहिल्या वेळी गणपतीच्या वर्गणीची वादावादी चालू होती, दुसऱ्या वेळी पाणी आलं नव्हतं, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. या वेळी मात्र बी विंगमधल्या एका तरुण मेंबरने त्याखाली लिहिलं, ‘आपला सिंकिंग फंडही (मोठ्या दुरुस्त्यांसाठी सोसायटीने साठवलेला पैसा) असाच लावू या का?’ आणि त्याला चक्क सात अंगठे पडले. म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: 1979 साली सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) 100 होता, आज 80,000 च्या वर आहे, तेव्हा 1 लाख लावले असते तर आज 8 कोटी. लाँग टर्ममध्ये बाजारात कुणाचं नुकसान झालेलं नाही. दरमहा 10,000 ची एसआयपी करा (म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाका), 15 टक्के धरा, 30 वर्षांत 7 कोटी. एफडी, पीपीएफ म्हणजे महागाईला घातलेला नैवेद्य. सोनं मेलेला पैसा. मुंबईत घर घेणारा मूर्ख. तेव्हा सगळं मोडा आणि सगळं इक्विटीत, म्हणजे शेअर बाजारात टाका.

मी बाजाराच्या विरोधात नाही. माझी निम्म्याहून जास्त बचत इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात आहे. माझं भांडण या मेसेजच्या हिशोबाशी आहे.

‘100 चे 80,000 झाले.’

झाले, यात खोटं काही नाही. 45 वर्षांत 800 पट म्हणजे वर्षाला साधारण 16 टक्के. उलट मेसेजवाल्याने स्वतःवरच थोडा अन्याय केलाय, कारण सेन्सेक्सच्या आकड्यात लाभांश येत नाही. तो धरला तर परतावा आणखी वर जातो.

पण हा परतावा मिळाला कुणाला? सेन्सेक्स मुळात 1 जानेवारी 1986 ला सुरू झाला. 1978-79 हे मागे जाऊन धरलेलं पायाभूत वर्ष आहे. 1979 मध्ये ‘सेन्सेक्स घ्यायचा’ म्हटलं तर तो मिळणारच नव्हता. म्युच्युअल फंड म्हणजे एकटं युनिट ट्रस्ट, आणि इंडेक्स फंड यायला नव्वदचं दशक सरावं लागलं. शेअर घ्यायचे म्हणजे ब्रोकर गाठा, ट्रान्सफर फॉर्मवर सह्या करा, सही जुळली नाही म्हणून कागद परत आले की पुन्हा पोस्टाच्या रांगेत.

शिवाय निर्देशांक आपली माणसं बदलत राहतो. 1986 च्या तीस कंपन्यांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्तान मोटर्स होती, बॉम्बे डाइंग, सेंच्युरी आणि मुकुंद होत्या. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची गेली ऑक्टोबर 2023 मध्ये. तिची कंपनी सेन्सेक्समधून त्याच्या कितीतरी आधी बाहेर पडली होती. मागे पडलेल्याला काढायचं, पुढे आलेल्याला घ्यायचं, हे काम निर्देशांक मुकाट्याने करतो. माणूस करत नाही. बाबांच्या ट्रंकेत खाकी लिफाफ्यात शेअर सर्टिफिकेटं आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, मागे ट्रान्सफरचे शिक्के, एकाला तर टाचणीच्या गंजाने भोक पडलंय. त्यातल्या एका गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर उभा आहे, दुसऱ्या कंपनीचं नाव कुठल्या यादीत सापडत नाही. बाबांनी ‘लाँग टर्म’ अगदी मनापासून केलं होतं. विकायचं कधी, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

आता महागाई. या 45 वर्षांत ती सरासरी साडेसात टक्के धरली तरी 1979 ची 1 रुपयाची वस्तू आज 26 रुपयांना पडते. म्हणजे 800 पटीतली खरी वाढ 30 पटीच्या आसपास. 30 पट हीसुद्धा फार मोठी गोष्ट आहे. पण तेवढ्यावर मेसेज फॉरवर्ड होत नाही.

‘लाँग टर्ममध्ये कुणाचंच नुकसान झालेलं नाही.’

एप्रिल 1992 मध्ये, हर्षद मेहताचा शेअर घोटाळा फुटायच्या सुमारास, सेन्सेक्स 4,467 वर होता. मार्च 2003 अखेर तो 3,049 होता. अकरा वर्षं! त्या काळात आयकर खात्याचा महागाई निर्देशांक 1991-92 च्या 199 वरून 2002-03 मध्ये 447 वर गेला, म्हणजे भाव सव्वादोन पट झाले. खात्याचा हा निर्देशांक भाववाढीचा तीन-चतुर्थांशच हिस्सा धरतो, ते वेगळं. अकरा वर्षं थांबलेल्या माणसाच्या 100 रुपयांत 1992 च्या भावाने तीसेक रुपयांचंच सामान येत होतं. लाभांश मिळवला तरी खड्डा बुजत नाही. मधल्या काळात युनिट ट्रस्टने जुलै 2001 मध्ये यूएस-64 या आपल्या जुन्या योजनेच्या युनिट्सची विक्री आणि पुनर्खरेदी थांबवली, तेव्हा ‘सरकारी आहे, सुरक्षित आहे’ म्हणून पैसे ठेवलेली निवृत्त मंडळी कशी गोंधळली होती ते आमच्या पिढीला आठवत असेल.

यावर उत्तर येतं, ‘अकरा नाही, पंधरा वर्षं थांबा.’ बरं, थांबू. एप्रिल 2007 ला सेन्सेक्स 14 हजारांच्या जरासा आत होता. म्हणजे पंधरा वर्षांत तिप्पट. त्याच काळात महागाई निर्देशांक 1992-93 च्या 223 वरून 2007-08 च्या 551 वर, म्हणजे भाव जवळजवळ अडीच पट. खरी वाढ वर्षाला दीड-दोन टक्के, वर लाभांश. नुकसान नाही म्हणा हवं तर. पण ज्याने 1992 मध्ये चाळिशीत पैसे लावले, तो तोवर पंचावन्नचा झाला होता आणि मुलीचं लग्न कधीच उरकलं होतं.

आणि तोच काळ बाबांच्या पीपीएफच्या पासबुकात पाहा. निळ्या शाईत, हाताने लिहिलेल्या नोंदी. दर 31 मार्चला व्याज. जानेवारी 2000 पर्यंत 12 टक्के, मग 11, मग साडेनऊ, 9, आणि 2003 पासून 8. एप्रिल 1992 ला त्यात असलेला रुपया पंधरा वर्षांत साडेचार रुपयांच्या जवळ गेला, तोही करमुक्त. सेन्सेक्स तिप्पट, पीपीएफ साडेचारपट. मी मुद्दाम शिखरावरचा दिवस निवडलाय, हे कबूल. पण मेसेजवाल्यानेही 1979 मुद्दामच निवडलंय.

हे भारतापुरतंच आहे असं वाटत असेल तर जपानचा निक्केई निर्देशांक पाहा: 29 डिसेंबर 1989 ला जिथे होता, तिथे परत पोचायला फेब्रुवारी 2024 उजाडलं.

‘10,000 ची एसआयपी, 30 वर्षांत 7 कोटी.’

हा हिशोब मी मुलुंड ते सीएसएमटी स्लो लोकलमध्ये मोबाइलवर केला. घाटकोपर येईपर्यंत 7 कोटींचं काय झालं ते सांगतो.

15 टक्क्यांनी खरंच 7 कोटी येतात. पण 15 टक्के हा ज्या काळाचा आकडा आहे त्या काळी महागाई आणि बँकेचं व्याज दोन्ही आजच्याहून बरंच वर होतं. रिझर्व्ह बँक आता 4 टक्के महागाईचं लक्ष्य ठेवते, दोन टक्के इकडे-तिकडे. महागाई उतरल्यावर परताव्याने मात्र जुन्याच जागी राहावं, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. 12 टक्के धरा, तेही मी ढिल्या हाताने देतोय: 3 कोटी 53 लाख. ओळखीच्या एजंटकडून रेग्युलर प्लॅन (ज्यात त्याचं कमिशन धरलेलं असतं) घेतलाय आणि खर्चाचा एक टक्का जातोय? 2 कोटी 83 लाख. काढताना सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के कर आहे; आजचाच दर धरला आणि एकदम काढले तर हातात साधारण 2 कोटी 52 लाख. आता 6 टक्के महागाई. 30 वर्षांनी आजच्या रुपयाच्या कामाला पावणेसहा रुपये लागतील. म्हणजे आजच्या भावात उरले 44 लाख.

7 कोटींचे 44 लाख! समोर बसलेल्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मी बहुतेक मोठ्याने बोललो असेन.

घाबरवायला हे सांगत नाही. तुम्ही भरलेले 36 लाखही आजच्या भावात 17 लाखच आहेत, कारण पंचविसाव्या वर्षीचे 10,000 आजच्या अडीच हजारांच्याही खाली असतील. 17 चे 44, हे चांगलं काम झालं. एजंटशिवाय, डायरेक्ट प्लॅनचा इंडेक्स फंड घेतला तर खर्चातली गळती बरीच थांबते, आणि पगार वाढेल तशी एसआयपी वाढवली तर चित्र आणखी सुधारतं. फक्त 7 कोटींवर डोळा ठेवून आज कुणी निवृत्तीचा बेत आखत असेल तर त्याने आधी हा हिशोब घरी करावा. महागाई 6 टक्के हीसुद्धा सरासरी. मे 2025 मध्ये बेस्ट बसचं किमान तिकीट एका रात्रीत 5 चं 10 झालं. मेडिक्लेमच्या प्रीमियमबद्दल तर बोलायलाच नको.

‘एफडी, पीपीएफ म्हणजे नैवेद्य.’

एफडीबद्दल अर्धं बरोबर. 7 टक्के व्याज धरलं, तर 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर कापून पावणेपाचच्या आसपास उरतात. महागाई 5 टक्के असेल तर पैसा जागच्या जागी झिजतो. पण एफडी वाढीसाठी नसतेच, ती हाताशी असावी म्हणून असते. पीपीएफला या रांगेत उभं करणं मात्र चूक. 7.1 टक्के, कर नाही. महागाई वजा जाता दोन टक्के म्हणजे फार नव्हे, पण त्यासाठी रात्रीची झोप मोडत नाही.

सोन्याचं थोडक्यात. 2012 च्या सुमारास 10 ग्रॅम 31 हजार, 2018 मध्येही तेवढंच. सहा वर्षं खरोखरच मेलेलं. पण नोव्हेंबर 2015 मध्ये 2,684 रुपये ग्रॅमने निघालेला सरकारचा पहिला सुवर्ण रोखा नोव्हेंबर 2023 मध्ये 6,132 ने सुटला, वर दरवर्षीचं पावणेतीन टक्के व्याज. मेलेलं सोनं कधी उठून बसेल ते सांगता येत नाही, म्हणूनच थोडं ठेवायचं. लग्नातल्या पाटल्या यात धरू नका. त्या विकायला निघालात तर घरात काय होईल ते तुम्हाला माहीत आहे.

‘मुंबईत घर घेणारा मूर्ख.’

इथे मेसेजचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये पावणेदोन कोटींच्या फ्लॅटला 45 हजार भाडं येतं, म्हणजे वर्षाला तीन टक्के. त्यातून मेंटेनन्स, पालिकेचा कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा करा. घेतानाच 6 टक्के मुद्रांक शुल्क गेलेलं असतं. तळमजल्यावरचे काका अभिमानाने सांगतात, ‘1988 ला 3 लाखांत घेतला!’ 58 पट ऐकायला दणदणीत वाटतं. वर्षाचं काढलं तर साडेअकरा टक्के. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेणाऱ्याने हे गणित जरूर करावं. पण राहतं घर हा वेगळा विषय आहे. दर अकरा महिन्यांनी टेम्पो बोलावून मुलांची शाळा, आईचे डॉक्टर आणि गॅसचा पत्ता बदलत हिंडलेल्या माणसाला मूर्ख म्हणण्याआधी त्याच्या घरी एकदा चहा घ्या. राहतं घर मी गुंतवणुकीच्या यादीत धरतच नाही.

‘सगळं मोडा, सगळं इक्विटीत.’

23 मार्च 2020. सेन्सेक्स एका दिवसात 3,935 अंकांनी, म्हणजे 13 टक्क्यांनी पडून 25,981 वर आला. जानेवारीत तो 42 हजारांना टेकला होता. माझी वाटणी तेव्हाही आजचीच होती: 55 टक्के इंडेक्स फंड, 35 टक्के पीपीएफ, पीएफ आणि एफडी, 10 टक्के सोनं. त्या आठवड्यापर्यंत फंडाचा वाटा 55 टक्क्यांवरून 43 टक्क्यांवर आला. वाटणी पुन्हा 55 ला आणायची, या ठरवलेल्या नियमाप्रमाणे एफडी मोडून फंडात टाकायची होती. बायको म्हणाली, ‘लोक डाळ-तांदूळ भरतायत आणि तू फंड भरतोयस?’ मी दोन रात्री थांबलो. मग ठरलं होतं त्याच्या निम्मी रक्कम टाकली, तीही फोन दोनदा खाली ठेवून. पुढच्या महिन्यात पगार कापून आला, आणि घर चाललं ते उरलेल्या एफडीवर.

सगळं इक्विटीत असतं तर मोडायला एफडी नसती आणि कापलेल्या पगाराची भर घालायला तळातले शेअर विकावे लागले असते. बाजार नंतर वर आला, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी खिडकीतून फक्त रिकामा रस्ता दिसत होता.

राहिला सिंकिंग फंड. सोसायटीने पैसा कुठे ठेवायचा हे सहकार कायद्याच्या कलम 70 ने बांधून दिलंय, पण ते बाजूला ठेवू. आपली लिफ्ट 24 वर्षांची आहे, चौथ्या मजल्यावर दचके देते आणि मार्चमध्ये तिचे पैसे चुकते करायचे आहेत. लिफ्टवाल्याला लाँग टर्म सांगून चालणार नाही. हे सगळं ग्रुपवर टाकलं तर सेक्रेटरींनी हात जोडलेले पाठवले. बी विंगमधल्या त्या मुलाने मात्र लगेच विचारलं, ‘काका, मग एफडी किती दिवसांची करायची?’

91 दिवसांची, म्हटलं.