तळ्यात की मळ्यात?

"हाताची घडी, तोंडावर बोट!" बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं दिवसभर हेच माझ्या तोंडी असायचं. शांत बसलेला वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग, अशी त्या शाळेची समजूत होती. मीही ती निमूटपणे मानली. पण फळ्याकडे वळले की मागे गलका सुरू. मुलं माझ्या डोळ्यांच्या धाकानं गप्प बसत होती, धाक हटला की संपलं.

स्वतःला आवरणं म्हणजे काय, हे मला तळ्यात-मळ्यातनं दाखवलं. खडूची एक रेघ, अलीकडे मळा, पलीकडे तळं. "तळ्यात!" सगळे उडी मारतात. "मळ्यात!" परत येतात. मग मी लगेच पुन्हा "मळ्यात!" म्हणते आणि निम्मा वर्ग तळ्यात पडतो. गेल्या वर्षी साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. रांगेत ढकलाढकली, दुसऱ्याच्या डब्यात हात, रोजची तक्रार. एकदा दुसऱ्यांदा "मळ्यात" ऐकलं तेव्हा त्याचे गुडघे वाकले, टाचा उचलल्या, अंग पुढे झुकलं... आणि तो थांबला. पायाची बोटं रेघेशी रोवून, मुठी आवळून, "मळ्यात, मळ्यात" पुटपुटत. त्याला मी थांबवलं नव्हतं. तो स्वतः थांबला होता!

खेळ अंगवळणी पडला की मी नियम उलटवते. "तळ्यात" म्हटलं की मळ्यात यायचं. आता नवा नियम डोक्यात धरायचा, जुन्या सवयीनं निघालेलं पाऊल रोखायचं आणि कान उघडे ठेवायचे. चार वर्षांच्या जिवाला हे फार जड आहे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटांतच मुलं दमतात, तेव्हा थांबावं.

आणि एक कळकळीनं सांगते: कुणालाही बाद करू नका. चुकलेल्याला बाहेर बसवलं, की ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तोच सगळ्यात आधी भिंतीशी जाऊन बसतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या असेच खेळत आलो, मीही तसंच घेत होते. आता चुकलं की हसायचं आणि पुन्हा रेघेवर यायचं.

अमेरिकेत ओरेगनमध्ये शॉना टॉमिनी आणि मेगन मॅक्लेलंड यांनी असेच थांबा-चला, उलट्या नियमाचे खेळ 65 लहान मुलांच्या अभ्यासात वापरून पाहिले. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, 8 आठवडे. 2011 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीला स्वतःला आवरणं सगळ्यात कमी जमत होतं, त्याच मुलांना खेळांचा फायदा झालेला दिसला. आपण बाद करतो ती हीच मुलं ना?

"बाई, नुसतं खेळवताच का? अक्षरं कधी?" असं पालक विचारतात. त्यांची काळजी मला कळते. पण पेन्सिल हातात देऊन जे मूल दोन मिनिटं टिकत नाही, त्याच्याकडून 'अ' किती वेळा गिरवून घेणार? मी त्यांना शनिवारी वर्गात बोलावते आणि मुलांबरोबर उलटं तळ्यात-मळ्यात खेळायला लावते. पहिल्या मिनिटातच बहुतेक आई-बाबा तळ्यात असतात.

तो मुलगा रांगेत अजून ढकलतो. पण परवा नळावर पुढच्याच्या पाठीपर्यंत गेलेला हात त्यानं मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मळ्यात."