‘सहा इंच लिफ्ट, पस्तीसचे टायर, गिअरचं नंतर बघू’: या सल्ल्यात काय काय चुकतंय

ऑफरोड पिकअप घेतलेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. सरळ सहा इंच लिफ्ट करा, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी तेवढी उचला, आणि पस्तीस इंची टायर चढवा. गाडी जितकी उंच, तितकी खडकात भारी. पूर्ण किट परवडत नसेल तर पुढे मोठा स्पेसर (उंची वाढवणारी चकती) आणि मागे ब्लॉक (पाटा आणि एक्सल यांच्यातला ठोकळा) टाका, काम तेच होतं. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली गिअरची जोडी, बदलायची गरज नाही, कॉम्प्युटरमध्ये टायरचा साइज भरला की गाडी पूर्वीसारखी पळते. उलट रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे किती फेरे) बदलला तर गाडी तेल, म्हणजे इंधन, जास्त प्यायला लागते. आणि अगदीच ओढत नसेल तर फक्त मागचा रेशो बदलावा.

हिशेबासाठी एक नमुना गाडी धरू. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे पाटे आणि सलग एक्सल, डिफरन्शियलचा रेशो ३.७३, टायर २६५/७० आर १७, म्हणजे साधारण ३१.६ इंच व्यास.

‘सहा इंच लिफ्ट म्हणजे सहा इंच जास्त क्लिअरन्स’

मागचा डिफरन्शियल एक्सलवर असतो आणि एक्सल चाकांवर. लिफ्ट चेसिस उचलते, एक्सल जागचा हलत नाही. दगडाला आधी टेकणारा डिफरन्शियलचा गोळा वर जातो तो फक्त टायरमुळे, तोही व्यासातल्या फरकाच्या निम्मा: ३५ वजा ३१.६, भागिले २, म्हणजे १.७ इंच. पुढे सहा इंची ब्रॅकेट-किट बसवलं तर क्रॉसमेंबर आणि पुढचा डिफरन्शियलही त्या किटबरोबर खाली येतात, म्हणजे तिथेही सहा इंच हाती लागत नाहीत.

मग लिफ्टने मिळतं काय? चढाला भिडतानाचा पुढचा कोन, उंचवट्यावर पोट न टेकण्याचा मधला कोन, मागचा कोन आणि मोठ्या टायरला जागा. हे उपयोगाचंच आहे, पण त्याची किंमत आडव्या उतारावर चुकवावी लागते. चाकांमधलं अंतर १.५६ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७५ मीटरवर असलेली गाडी उभ्या जागी साधारण ४६ अंशांपर्यंत कलंडत नाही. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य १७ सेंटिमीटर वर गेला की हाच आकडा ४० वर येतो. हा कागदावरचा, स्थिर गाडीचा कोन. हौद्यात सामान, दबलेले पाटे आणि एका चाकाखाली आलेला दगड धरला तर प्रत्यक्षात बराच कमी मिळतो.

बॉडी लिफ्ट तर चेसिसही उचलत नाही. फक्त फेंडर वर जातो. रेडिएटरचं श्राउड पंख्याला घासणं, स्टिअरिंग शाफ्ट आणि टाकीची नळी ताणली जाणं, ही कामं मात्र मागे लागतात.

‘स्पेसर आणि ब्लॉकने तेच काम होतं’

पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र जोड) ठेवलेला एक इंचाचा स्पेसर चाकापाशी जवळपास दोन इंच उंची देतो, कारण स्ट्रट लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतो. म्हणून तो स्वस्तात मस्त वाटतो. पण स्पेसर आख्खा स्ट्रट खाली ढकलतो. चाक पूर्ण लटकलं की आर्म कंपनीने ठरवलेल्या हद्दीच्या खाली जातो, अप्पर बॉल जॉइंट टोकाला लागतो, पुढचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढतो, आणि काही गाड्यांत स्प्रिंगच अप्पर आर्मला घासते. पूर्ण दबताना उलटं होतं: बंपस्टॉप (आर्मला वर अडवणारा रबर) टेकायच्या आधी शॉक आतून आपटतो आणि त्याचं सील जातं. दोन-अडीच इंचांपर्यंत बहुतेक गाड्या निभावतात. त्यापुढे जायचं तर नवीन अप्पर आर्म, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) परत मिळवण्यासाठी अलाइनमेंट आणि डिफरन्शियल खाली घेणं, हे सगळं ओघाने आलंच.

तपासणी सोपी आहे. चेसिस जॅक-स्टँडवर घ्या, चाक पूर्ण लटकू द्या आणि हाताने फिरवा. सीव्हीच्या रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासत असतील किंवा ब्रेकचा होज तारेसारखा ताणला असेल, तर ती उंची त्या गाडीला झेपत नाही. मग स्प्रिंग काढून आर्म बंपस्टॉपपर्यंत उचला, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि टायर कुठे घासतो ते पाहा. पार्किंगमध्ये न घासणारा टायर पहिल्याच खड्ड्यात फेंडर लायनर फाडतो तो याच जागी. तिथे उपाय म्हणजे बंपस्टॉप लांब करणं. आणखी लिफ्ट केल्याने प्रश्न सुटत नाही, कारण सस्पेन्शन पूर्ण दबलं की लिफ्ट शून्यच असते.

मागच्या ब्लॉकचं दुखणं वेगळं. पाटा आणि एक्सल यांच्यातलं अंतर वाढलं की एक्सलला पाटे पिळायला जास्त तरफ मिळते. फोर-लोमध्ये (फोर-व्हीलचा हळू पण जोरदार गिअर) चढाला जोर दिला की पाट्यांना इंग्रजी एसचा आकार येतो आणि चाकं थडथडतात. एकावर एक दोन ब्लॉक कधीच ठेवू नयेत, आणि पुढे पाटे असलेल्या गाडीत पुढच्या एक्सलवर ब्लॉक अजिबात नको. जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ते एकदा ताणलेले असतात. नवेही पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कला घ्यावे लागतात.

ब्लॉकने पिनियनचा कोनही बदलतो. दोन्ही टोकांना साधा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असलेल्या प्रोपेलर शाफ्टमध्ये ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, एखाद्या अंशाच्या फरकाने. नसतील तर ठरावीक वेगाला थरथर येते आणि क्रॉस लवकर जातो. कोन जुळवायला पाट्याखाली तिरपी शिम (पातळ पाचर) टाकतात. ती पोलादाची घ्यावी, ॲल्युमिनियमची दबून फुटते. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंगही खाली घ्यावं लागतं, नाहीतर गाडी जागची हलतानाच हादरते.

आणि जे कोणी सांगत नाही ते ब्रेकचं. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह चेसिसवर, त्याची दांडी एक्सलला जोडलेली. हौद्यात माल पडला की अंतर कमी होतं आणि व्हॉल्व्ह मागे जास्त प्रेशर सोडतो. मागून लिफ्ट केली की अंतर कायमचं वाढतं. व्हॉल्व्हच्या लेखी हौदा सदैव रिकामा! भरलेल्या गाडीतही मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळा भार पुढच्यांवर येतो. दांडीचं एक्सलकडचं ब्रॅकेट लिफ्टच्या मापाने वर घेतलं की प्रश्न सुटतो, पण मुळात तो व्हॉल्व्ह आहे हे माहीत असावं लागतं.

‘कॉम्प्युटरमध्ये साइज भरला की झालं’

स्पीडोमीटर दुरुस्त होतो, हे खरं. न केल्यास काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८९ ने धावत असते. पण आकडा बरोबर दिसल्याने चाकाला जोर मिळत नाही. ३.७३ ला ३१.६ ने गुणून ३५ ने भागा, ३.३७ येतं. म्हणजे मोठे टायर चढवणं आणि मूळ टायरवर ३.३७ चा डिफरन्शियल बसवणं इंजिनला सारखंच. मूळ ताकद परत हवी तर उलट गुणाकार: ३.७३ × ३५ ÷ ३१.६ = ४.१३. बाजारात मिळणारा जवळचा रेशो ४.१०. मोठ्या टायरचं वजन आणि उंच गाडीला लागणारा वारा या गुणाकारात धरलेला नाही. म्हणून माल वाहणाऱ्या किंवा डोंगरात फिरणाऱ्या गाडीला ४.५६ योग्य.

खडकातला फरक फोर-लोमध्ये कळतो. पहिला गिअर ४.०, ट्रान्स्फर केसचा लो २.७२ आणि ३.७३ मिळून क्रॉल रेशो, म्हणजे या तिन्हींचा गुणाकार, ४०.६ होतो. मोठ्या टायरवर त्याचा परिणाम ३६.६ इतकाच उरतो. ४.५६ ने तो टायरचा फरक धरूनही ४४.८ होतो. मॅन्युअल गाडीत याचा अर्थ क्लच कमी जळतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर कमी घसरतो आणि गिअरबॉक्सचं तेल कमी तापतं.

ब्रेकलाही हेच गणित लागू आहे. पॅड तितक्याच ताकदीने डिस्क धरतात, पण चाकाची त्रिज्या वाढल्याने रस्त्यावर मिळणारी रोखण्याची ताकद सुमारे १० टक्क्यांनी घटते. त्याला कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये इलाज नाही.

सल्ला देणाऱ्यांची एक बाजू मात्र मान्य करावी लागेल. टायर २८५/७० आर १७, म्हणजे ३२.७ इंचापर्यंतच नेला तर फरक साडेतीन टक्क्यांचा, तेवढ्यासाठी डिफरन्शियल उघडू नये. आठ-दहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही पहिला गिअर बराच खोल असल्याने घाई नसते. बऱ्याच लोकांची गरज इथेच, दोन-अडीच इंच लिफ्टमध्ये भागते.

‘रेशो बदलला की गाडी तेल पिते’

सूत्र साधं आहे: वेग किलोमीटरमध्ये × २०९ × टॉप गिअर × डिफरन्शियलचा रेशो ÷ टायरचा व्यास इंचांत. टॉप गिअर ०.७० धरून ताशी ९० ला मूळ गाडीचं इंजिन सुमारे १,५५० फेऱ्यांवर चालतं. पस्तीसच्या टायरवर ३.७३ ठेवला तर १,४००, ४.१० ने १,५४०, ४.५६ ने १,७१५. १,४०० वर एवढं ओझं ओढताना गिअरबॉक्स जरा चढ आला की खालचा गिअर शोधतो, वरखाली करत राहतो, आणि ओव्हरड्राइव्ह (एकापेक्षा कमी रेशोचा टॉप गिअर) नावापुरताच उरतो. तेल जातं ते टायरच्या वजनाने आणि वाऱ्याने, ते कुठल्याही रेशोने जाणारच. त्यातून ओडोमीटर दुरुस्त केला नसेल तर तो खऱ्या अंतरापेक्षा दहा टक्के कमी मोजतो, आणि मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं.

अति करणंही चूकच. ५.१३ च्या पिनियनला बहुधा आठच दात असतात (४१ भागिले ८), ४.१० ला दहा. दात कमी म्हणजे पिनियन बारीक आणि कमजोर. डिझेलच्या फेऱ्यांची हद्द लवकर संपते, त्यामुळे पस्तीसच्या टायरवर ४.५६ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

‘फक्त मागचा बदलला तरी चालतं’

नाही चालत. फोर-व्हील लावताच पुढचं आणि मागचं एक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, ट्रान्स्फर केसमध्ये ताण अडकतो आणि काहीतरी तुटतं. ४.१० आणि ४.११ एवढा फरक चालतो, ३.७३ आणि ४.५६ नाही.

आधी सध्याचा रेशो खात्रीने मोजा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावा, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला. मागचं एकच चाक उचलून ते बरोबर दोन फेरे फिरवा. साध्या डिफरन्शियलमध्ये तेवढ्यात प्रोपेलर जितके फेरे घेईल तोच रेशो. मग क्राऊन जिच्यावर बसतो ती डिफरन्शियलची केस तपासा. डाना ४४ या एक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून दुसरी लागते, म्हणजे तिथे नुसता क्राऊन-पिनियनचा जोड आणून भागत नाही.

बसवताना क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगमधली दबणारी नळी), बेअरिंग आणि सील नवीनच घ्या. क्राऊन आणि पिनियनमधला प्ले साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा त्या एक्सलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. दातांना रंग लावून ठसा पाहा: तो दाताच्या मुळाशी उमटला तर पिनियन जास्त आत गेलाय, टोकाशी उमटला तर शिम वाढवून आत घ्यायला हवा. नवा जोड पहिल्यांदा पंचवीस-तीस किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ना जड माल, ना ट्रेलर. मग तेल बदला. चुंबकावर करडी मऊ पेस्ट दिसली तर ती झिजेची नेहमीची भुकटी. बोटाला टोचणारे कण लागले तर गाडी पुढे न चालवता कव्हर उघडून ठसा परत पाहा.