निवडणूक ही शिक्षा कशी?
युद्धाचा हिशेब मतदार निवडणुकीत चुकता करतात, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी 2003 मध्ये ब्रिटनला इराक युद्धात ओढलं आणि 2005 ची निवडणूक जिंकलीसुद्धा! या युद्धाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल यायला 2016 उजाडलं. शांततेचे मार्ग संपलेले नसतानाच युद्ध सुरू केलं, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण समितीला कुणाला दोषी ठरवायचा अधिकारच नव्हता. 2022 मध्ये ब्लेअर ‘सर’ झाले. 179 ब्रिटिश सैनिक गेले, इराकी माणसं किती मेली याची तर धड मोजदादही नाही. त्यांच्या घरच्यांनी दाद मागायची कुठे? आणि तेव्हा कुणाला कळलं नव्हतं, असंही नाही. ब्लेअर यांच्याच मंत्रिमंडळातल्या रॉबिन कुक यांनी विरोध म्हणून युद्धाआधीच मंत्रिपद सोडलं होतं.