तोहाकुच्या चित्रातील धुके पांढऱ्या रंगाचे नाही

हासेगावा तोहाकु (१५३९–१६१०) या जपानी चित्रकाराच्या पाइनवृक्षांच्या प्रसिद्ध चित्राखाली ‘यातील धुके पांढऱ्या रंगाचे पातळ थर देऊन रंगवले आहे’ अशी ओळ सध्या फिरते आहे. ती चुकीची आहे. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या, प्रत्येकी सहा उभ्या भागांच्या, घडी घालता येणाऱ्या या दोन पडद्यांवर जे धुके दिसते, तो वस्तुतः कोरा ठेवलेला कागद आहे. काजळी आणि सरस यांपासून केलेली शाई जवळच्या झाडांना दाट, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने झपाट्याने ओढलेली आहे, तर मागची झाडे पाणी घालून इतकी फिकी केली आहेत की त्यांच्या कडा कागदात विरून जातात, आणि मधली रिकामी जागा आपलाच डोळा धुके म्हणून वाचतो. दूरचा हिमाच्छादित डोंगरही असाच, भोवतीच्या फिक्या शाईमुळे उमटलेला आहे. गैरसमजाचे मूळ बहुधा असे, की शिंपल्यांच्या भुकटीपासून केलेला पांढरा रंग जपानच्या रंगीत चित्रांत खरोखरच वापरला जाई. मात्र तो येथे शोधणे व्यर्थ आहे.