चिडचिड हा स्वभाव नसतो

"स्वभावच तसा आहे त्यांचा, शॉक देऊन काय बदलणार?" डिप्रेशनच्या पेशंटच्या बायकोचं आजचं वाक्य, नवऱ्याच्या चिडचिडीबद्दल. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

पहिलं म्हणजे त्यांना सांगितलेला उपचार, टीएमएस, म्हणजे चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदूला चालना देणं, हा शॉक नाही. भूल नाही, फिट आणायची नाही. माणूस खुर्चीत जागा बसतो, कानात बोळे, डोक्याला चुंबकाची कॉइल टेकवलेली, टकटक आवाज. सुरुवातीला त्याचा उंबरठा काढतात : १० ठोक्यांत निदान ५ वेळा हाताचा अंगठा फडकेल इतकी कमीत कमी ताकद. मग कॉइल डाव्या कपाळामागच्या भागावर नेऊन त्याच्या १२० टक्के. ४ सेकंद ठोके, २६ सेकंद थांबा, असे ३००० ठोके, साडेसदतीस मिनिटं. थीटा बर्स्ट या झटपट प्रकारात ६०० ठोके तीनेक मिनिटांत उरकतात. आठवड्याला ५ दिवस, ६ आठवडे. कॉइल थोडी सरकली की ठोके भलत्याच जागी पडतात, आणि मग "मशीनचा उपयोग नाही" म्हणायला सगळे मोकळे!

आता तो "स्वभाव". आजारपणाआधी हा माणूस असाच होता का, एवढं तरी विचारा ना! डिप्रेशन मोजायच्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीच्या नऊ प्रश्नांत चिडचिडीवर एकही नाही. लहान मुलांत तेच डिप्रेशनचं मुख्य लक्षण धरतात, मोठ्यांत मात्र स्वभाव. वा रे वा. कपाळामागचा तो भाग भावनांना लगाम घालतो, आजारात तोच ढिला पडतो. सगळ्यांनाच गुण येत नाही, मान्य. औषधांनीही कधी भागतं, तेही मान्य.

पहिल्या आठवड्यात उलट चिडचिड वाढलीच, तर आधी कॉइलखाली डोक्याची त्वचा दुखतेय का बघा. ताकद कमी करून हळूहळू चढवता येते. पण झोप कमी लागूनही माणूस ताजातवाना, बोलणं भरधाव आणि वर चिडचिड, असं दिसलं तर पुढचं सेशन घेण्याआधी डॉक्टरांना कळवा, तो मेनियाही (डिप्रेशनच्या उलट टोक, मूड अतोनात चढणं) असू शकतो. रात्रभर जागरण किंवा दारू झाली असेल तर लपवू नका, फिटचा धोका वाढतो. औषध बदललं तर उंबरठा पुन्हा काढायला सांगा. डोक्यात धातूची क्लिप किंवा कानात इम्प्लांट असेल तर आधीच बोला.

त्या बाईंवर राग नाही. वर्षानुवर्षं दाराची आदळआपट ऐकल्यावर कुणीही "स्वभाव" म्हणून मोकळं होईल. राग आहे तो सहा आठवड्यांचं वेळापत्रक त्यांच्या हातात ठेवणाऱ्यांवर. दिवसातली चिडचिड ० ते १० मध्ये किती, हे रोज रात्री लिहून ठेवा, एवढंसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.