दरडीची माती दरीत लोटू नका

आज सकाळपासून कराडच्या दोन-तीन ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. घाटात रात्री दरड आलेली, पहाटे जेसीबी लागलाय आणि चालक बकेट भरभरून लाल माती कठड्यापलीकडं दरीत ओततोय. खाली अंगठे, टाळ्या आणि "रस्ता क्लिअर, बिनधास्त निघा". टाळ्या वाजवणाऱ्यांनो, ती माती कुठं गेली तेही बघा की जरा! चालकाला बोल नाही. त्याला सांगितलंय तेवढं तो जीव मुठीत धरून करतोय. सांगणाऱ्याला कळायला हवं.

घाटरस्ता वळणावळणाचा असतो. वरच्या वळणावरून लोटलेली माती खालच्या वळणाच्या डोक्यावर जाऊन बसते. सैल, न दाबलेली, मुळं नसलेली. पुढच्या जोराच्या सरीला ती खाली येते, तेव्हा आपण म्हणतो, "पुन्हा दरड कोसळली." जी तिथं थांबत नाही ती ओढ्यात जाते. आपल्या कराड-चिपळूण रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटाचे पोफळीकडं उतरणारे ओढे वाशिष्ठी नदीला मिळतात, कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणीही तिकडंच जातं, आणि वाशिष्ठी चिपळूणमधून दाभोळला समुद्राला मिळते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर नदीतला गाळ काढायला यंत्रं लावावी लागली. त्या गाळात घाटात लोटलेल्या मातीचीही भर असतेच.

आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री कराड मार्केटची भाजी टेम्पोत भरून चिपळूणला टाकतो. पावसाळ्यात घाट चढला की तो एकच गोष्ट बघतो, डोंगराकडच्या गटारातलं पाणी. एका रात्री ते पाणी नितळ वाहता वाहता अचानक तांबडं झालं आणि वरून सुपारीएवढे खडे टपकायला लागले. त्यानं टेम्पो मागं घेतला, आडवा लावला, इंडिकेटर चालू ठेवले आणि मागून आलेली एसटी हात करून थांबवली. थोड्या वेळानं पुढचं आख्खं वळण मातीखाली गेलं. ना बोर्ड, ना पहारा. माणसं वाचली ती गटाराकडं बघणाऱ्या एका पोरामुळं.

दरड नुसत्या पावसानं येत नाही, डोंगरात अडकलेल्या पाण्यानं येते. सह्याद्री म्हणजे काळ्या पाषाणाचे थर, एकावर एक. कित्येक ठिकाणी दोन थरांच्या मधे मऊ तांबडा पट्टा असतो, वर मुरूम आणि लाल माती. पाणी वरून मुरतं, खालच्या कातळावर किंवा त्या तांबड्या पट्ट्यावर येऊन थांबतं आणि वरची माती आतून उचलायला लागतं. हिशोब करा. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं, म्हणजे एक टँकर. त्याच २२ जुलैच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ ६०० मिलिमीटर पडला. गुंठ्याला सहा टँकर! त्याच दोन दिवसांत महाडचं तळिये दरडीखाली गेलं, खेडचं पोसरे गेलं, आपल्या पाटणमधली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे गेली. ही नावं विसरून कसं चालेल?

पाऊस वाढलाय, मान्य. इतका पाऊस कुठलंही गटार पोटात घेणार नाही, हेही मान्य. पण दरवर्षीची रस्त्यावरची दरड असल्या पावसाला येत नाही, साध्या जोराच्या पावसाला येते. रुंदीकरणात डोंगर भिंतीसारखा उभा कापलेला असतो. पायऱ्या सोडून कापला तर वरचा दगड पायरीवर अडतो, उभ्या कापात तो थेट गाडीच्या टपावर येतो. कापाच्या वर, थोडं मागं, पाणी बाजूला वळवणारा चर हवा आणि तो काँक्रीटचा हवा. कच्चा खणलात तर पाणी त्यातूनच आत मुरतं आणि भेग तिथंच पडते. संरक्षक भिंतीला भोकं ठेवलेली असतात, भिंतीमागचं पाणी निघून जायला. भोकांच्या मागं दगड-खडीचा थर भरलेला नसला की ती वर्षभरात मातीनं बुजतात, मग पाण्याचा सगळा रेटा भिंतीवर. भर पावसात ज्या भिंतीच्या भोकातून थेंब येत नाही, ती पोटाला आली, म्हणजे फुगायला लागली, समजा. तारेच्या जाळीत दगड भरून रचलेल्या भिंती अशा ठिकाणी जास्त टिकतात, कारण त्या पाणी अडवतच नाहीत.

रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्यांचं तर विचारूच नका. जुन्या अरुंद पाईपच्या तोंडाशी एक फांदी, दोन प्लास्टिकची पोती अडकली की पाणी रस्त्यावर चढतं, दरीकडची कड खाते, आणि मग रस्ताच खचतो. हे साफ करायला ना पोकलेन लागत, ना परदेशी सल्लागार. चार माणसं, फावडी, कोयते, मे महिना. बस्स.

कोकण रेल्वेकडं बघा. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ गाडी रुळावर आलेल्या दगडमातीवर आदळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर उतारांना जाळ्या लागल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, आणि माणसं रुळावरून चालत गस्त घालतात. तरी १४ जुलै २०२४ ला दिवाणखवटीजवळ दरड आली आणि मार्ग जवळजवळ दिवसभर बंद पडला. पण समोरून येणारी गाडी थांबवायला यंत्रणा होती. रस्त्याला अशी गस्त घालणं अवघड आहे, कबूल. निदान धोक्याच्या ठरलेल्या वळणांवर रात्री बॅटरी आणि शिट्टी घेतलेला एक माणूस? तो आमचा भाजीवाला फुकटात करतो ते काम.

त्या रात्री त्याची मेथी-कोथिंबीर टेम्पोतच काळी पडली. नुकसान त्याचं एकट्याचं नव्हतं. कुंभार्ली बंद म्हणजे कराड-चिपळूणचे नव्वदएक किलोमीटर शाहूवाडीचं मलकापूर, आंबा घाट, साखरपा, देवरूख, संगमेश्वर असे फिरून जवळजवळ दुप्पट होतात, आणि आंबा घाटही दरडीचाच. चिपळूण-गुहागरला सकाळचं दूध उशिरा, भाजी निम्मी. ऑगस्टमध्ये मासेमारी पुन्हा सुरू होते, तेव्हा बंदरावरून आपल्याकडं निघालेली मासळी घाटाखाली बर्फ वितळत उभी. कराडच्या दवाखान्यात ठरलेली तारीख असलेला पेशंट तिकडंच अडकलेला.

वाडीवर तर याहून वाईट. झऱ्याचं पाणी उताराने आणणारा पाईप मातीबरोबर जातो, विहिरीत गढूळ पाणी उतरतं, विजेचा खांब आडवा होतो, मग मोबाईलचा टॉवरही मरतो. नुकतीच लावणी झालेल्या खाचरावर हातभर मुरूम येऊन बसतो. तो हातानं उपसायचा, कारण खाचरात मशीन उतरत नाही. एवढं सोसून ही माणसं येणाऱ्याला आधी चहा विचारतात. त्यांच्यासाठी जीव तुटतो.

म्हणूनच तो व्हिडिओ बघून डोकं फिरलं. माती उचलायची पद्धत असते. पाऊस ओतत असताना मशीन लावायचंच नाही. आधी माथ्यावर जाऊन नव्या भेगा आहेत का बघायचं. एका माणसाला फक्त वर नजर ठेवायला उभा करायचा. ढिगाऱ्याचा पायथा पोखरायचा नाही, कारण त्याच्याच आधारावर वरची माती उभी असते. वरून आणि कडेनं उतरवत यायचं. मोठा धोंडा ब्रेकरनं फोडायचा. माती डंपरमध्ये भरून आधीच ठरवलेल्या सपाट जागी टाकायची. ओली माती ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, पाच टनांच्या आसपास भरते, पन्नास ब्रासच्या दरडीला दहा चाकी डंपरच्या पंधराएक खेपा होतात. वेळ लागतो, डिझेल लागतं, म्हणून दरीत लोटतात. मग गटार उकरून पाण्याला वाट द्यायची आणि रस्ता टँकरनं धुवायचा, नाहीतर उरलेल्या पातळ चिखलावर टू-व्हीलरवाले घसरतात. यातलं निम्मं झालेलं नसताना "बिनधास्त निघा" म्हणता?

भर पावसात तिथं उभ्या असणाऱ्या मजुरांना आणि पोलिसांना माझा नमस्कार आहे. राग त्यांच्यावर नाही.

या आठवड्यात खाली उतरणार असाल तर उजेडात उतरा. उभ्या कापाखाली गाडी थांबवू नका, धबधबा असला तरी. गटाराचं पाणी गढूळ झालं, वाहता झरा एकदम आटला, झाड किंवा खांब कललेला दिसला, खडे टपकले, तर पुढं जाऊ नका. मागं फिरा आणि मागच्यांना थांबवा. मग १०७७ ला, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, फोन करा. मोबाईलवरून आधी जिल्ह्याचा कोड लावा, साताऱ्याला ०२१६२, रत्नागिरीला ०२३५२. जवळच्या दगडावरचा किलोमीटर, माती डोंगराकडची की दरीकडची, आणि पाणी अजून वाहतंय का, या तीन गोष्टी सांगा. कुठलं मशीन पाठवायचं ते त्यांना त्यावरूनच ठरवता येतं.